आज गाडी घरी आली

निळी यामाहा आर १५ मोटरसायकल. सहा महिने जीव केटीएमच्या आरसी ३९०वर जडला होता. ३७३ सीसी, ४३ पीएस (अश्वशक्ती)! पण शोरूममध्ये बसून पाहिलं तर नुसते चवडे टेकले, आणि मी आजवर फक्त स्कूटर चालवलेली. इंदूरच्या राजवाड्याच्या गर्दीत ती तोलणं मला जमणार नाही, हे तिथंच कळलं. आर १५ १५५ सीसीची, १८ पीएसची. सीट ८१५ मिलिमीटर, म्हणजे उंचच. पण वजन १४० किलोंच्या आसपास, पेलते. असिस्ट-स्लिपर क्लच असल्यानं क्लचचा लिव्हरही दाबायला हलका. पहिल्या गाडीत मला हेच हवं होतं.

हेल्मेट, हातमोजे, जॅकेटचे पैसे मात्र बुकिंगच्या आधीच बाजूला काढले होते. त्यात तडजोड नाही.

राजेंद्रनगरच्या गल्लीत तीनदा बंद पडली. बाबा शेजारून चालत होते, "क्लच हळू सोड गं, घाई कसली?" हँडल खाली असल्यानं मनगटं भरून आली. मग दादानं सांगितलं, गुडघ्यांनी टाकी घट्ट धर. धरली, आणि हात एकदम मोकळे झाले!

आईनं टाकीवर काढलेलं कुंकवाचं स्वस्तिक अजून ओलं आहे. उद्या पहाटे सुपर कॉरिडॉरच्या रुंद रस्त्यावर, दादा मागे त्याच्या गाडीवर.