जुन्या गाड्यांचा व्यापार आणि फरकावरचा कर

२०२४ च्या डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात माझा फोन जवळजवळ दिवसभर वाजत होता. २१ डिसेंबरला जैसलमेरमध्ये जीएसटी परिषदेची ५५ वी बैठक झाली होती आणि जुन्या गाड्यांवरचा कर १२ टक्क्यांवरून १८ टक्के होणार, एवढीच बातमी लोकांपर्यंत पोहोचली होती. बारा लाखांना घेतलेली गाडी नऊ लाखांना विकली तर मधल्या तीन लाखांवर कर भरावा लागेल, असा एक हिशोब मोबाइलवरून फिरत होता आणि तो खरा मानून नात्यातली, सोसायटीतली माणसे मला विचारू लागली होती. जीएसटीची नोंदणी नसलेला माणूस घरची गाडी विकतो तेव्हा त्याला हा कर लागत नाही, पूर्वीही लागत नव्हता, हे मी त्या आठवड्यात इतक्या वेळा सांगितले की शेवटी चार ओळींत लिहूनच ठेवले आणि जो विचारेल त्याला पाठवत गेलो.

ज्यांना हा कर खरोखर लागतो ते लोक मात्र त्या आठवड्यात शांत होते. जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणाऱ्या तीन व्यापाऱ्यांची हिशोबाची कामे मी काही वर्षांपासून पाहतो. त्यांच्यापैकी एकाचा फोन आला तो नवीन वर्ष उजाडल्यावर. "साहेब, दर वाढला ते समजले, पण डेंटिंग-पेंटिंगचा खर्च यातून वजा होतो का?" एवढेच त्याने विचारले. दराबद्दल त्याची तक्रार नव्हती. या व्यवसायातले दुखणे नेमके कुठे आहे, हे वर्तमानपत्रांतल्या सगळ्या मथळ्यांपेक्षा त्याच्या त्या एका प्रश्नात अधिक स्पष्ट दिसत होते.

थोडा मागचा हिशोब सांगणे आवश्यक आहे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला तेव्हा जुन्या गाडीलाही नव्या गाडीचाच, म्हणजे २८ टक्क्यांचा दर आणि त्यावर उपकर लागत असे. २५ जानेवारी २०१८ पासून हा दर उतरला आणि उपकर गेला. मोठ्या गाड्यांना १८ टक्के आणि बाकीच्यांना १२ टक्के, अशी विभागणी झाली. मोठी गाडी कोणती, तर पेट्रोल, सीएनजी किंवा एलपीजीवर चालणारी, १२०० सीसी किंवा त्याहून मोठ्या इंजिनाची आणि चार मीटर किंवा त्याहून लांब. डिझेलची असेल तर १५०० सीसी आणि तीच लांबी. आणि १५०० सीसीच्या वरच्या एसयूव्ही. १६ जानेवारी २०२५ च्या अधिसूचनेने ही विभागणी संपवली आणि विजेवर चालणाऱ्या जुन्या गाड्यांसह सर्वांना एकच १८ टक्क्यांचा दर लावला. याचा अर्थ असा की मोठ्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला या वाढीने काहीच झाले नाही, कारण तो २०१८ पासूनच १८ टक्के भरत होता. वाढ आली ती छोट्या गाड्या विकणाऱ्याच्या वाट्याला, म्हणजे ज्याचा ग्राहक पाच-दहा हजारांसाठी तीन फेऱ्या मारतो त्याच्याच वाट्याला.

हा कर गाडीच्या पूर्ण किमतीवर नसून विक्रीची किंमत आणि खरेदीची किंमत यांतील फरकावर आहे, हे आता पुष्कळांना ठाऊक झाले आहे. व्यापाऱ्याने त्या गाडीच्या खरेदीवर इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, घेतलेले नसावे, ही त्यासाठीची अट आहे. ऐकायला ही सवलत वाटते आणि एका अर्थी ती आहेही. परंतु फरक आणि नफा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नियमाला फक्त फरक दिसतो.

एका गाडीचा हिशोब येथे मांडतो; आकडे सोयीसाठी गोल केले आहेत. व्यापाऱ्याने एक छोटी पेट्रोल गाडी ३,६०,००० रुपयांना घेतली. क्लचप्लेट बदलली, चार टायर टाकले, मागच्या दरवाजाचे डेंटिंग करून एक बाजू रंगवून घेतली, आतून ड्रायक्लीनिंग केले आणि विमा संपत आला होता म्हणून तोही उतरवला. हे सगळे मिळून ४०,००० रुपये झाले. गाडी ४,२०,००० रुपयांना गेली. घरातल्या वहीप्रमाणे त्याला २०,००० रुपये सुटले. जीएसटीच्या हिशोबात मात्र फरक ६०,००० रुपयांचा आहे, कारण खरेदीची किंमत म्हणजे गाडीच्या मालकाला दिलेली किंमत, आणि दुरुस्तीवरचा खर्च तीत मिळवता येत नाही. या ६०,००० रुपयांवर पूर्वी १२ टक्क्यांनी ७,२०० रुपये कर होत असे. आता १८ टक्क्यांनी १०,८०० रुपये होतो. ग्राहकाशी ठरलेल्या किमतीतच कर धरला तर आकडा थोडा खाली येतो, पण चित्र बदलत नाही. वीस हजारांतले निम्मे गेले, आणि उरलेल्या निम्म्यातून यार्डाचे भाडे, कामावरच्या मुलांचे पगार आणि गाडी उभी होती तितक्या दिवसांचे व्याज भागवायचे आहे.

यातून एक विचित्र परिणाम होतो, ज्याचा विचार नियम करणाऱ्यांनी केला असेल असे मला वाटत नाही. जो व्यापारी गाडी जशी आली तशीच पुसून विकतो, त्याचा फरक कमी आणि म्हणून करही कमी. जो गाडीवर मनापासून खर्च करतो, तो त्या खर्चावरही कर भरतो. माझ्या तीन व्यापाऱ्यांपैकी ज्याचे काम सर्वांत चांगले आहे, ज्याच्याकडून गाडी घेतल्यावर ग्राहक सहसा परत भांडायला येत नाही, त्याच्याच कराचा आकडा नफ्याच्या मानाने सर्वांत मोठा निघतो.

दुसरी गोष्ट तोट्याची. एखाद्या गाडीत फरक उणे आला तर त्या गाडीवर कर नाही, हे बरोबरच आहे. पण नियमाचे शब्द 'दुर्लक्ष करावे' असे आहेत आणि ते अक्षरशः घ्यायचे असतात. एका गाडीतला तोटा दुसऱ्या गाडीतल्या फरकातून वजा होत नाही. प्रत्येक गाडी स्वतंत्र. हे वाक्य मी व्यापाऱ्यांना सांगतो तेव्हा ते मान डोलावतात, पण त्याचा अर्थ त्यांना खऱ्या अर्थाने कळला तो २०२५ च्या सप्टेंबरात.

त्या वर्षी १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरील भाषणात पंतप्रधानांनी दिवाळीपर्यंत जीएसटीत मोठे बदल होतील असे जाहीर केले. ३ सप्टेंबरला परिषदेच्या ५६ व्या बैठकीत निर्णय झाला आणि २२ सप्टेंबरपासून, म्हणजे घटस्थापनेच्या दिवसापासून, नवे दर लागू झाले. छोट्या नव्या गाड्यांवरचे २८ टक्के आणि वरचा उपकर जाऊन सरळ १८ टक्के आले. मोठ्या गाड्यांवर ४० टक्के आले, जे पूर्वीच्या उपकरासह होणाऱ्या ४५ ते ५० टक्क्यांपेक्षा कमीच होते. जुन्या गाडीच्या फरकावरचा दर १८ टक्केच राहिला. कागदावर पाहिले तर जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याच्या करात एका रुपयाचाही बदल झाला नव्हता, आणि तरीही गेल्या कित्येक वर्षांत त्याला बसलेला सर्वांत मोठा फटका हाच होता.

कारण जुन्या गाडीची किंमत नव्या गाडीच्या किमतीला टांगलेली असते. उपकर धरून २९ टक्के करासह सात लाखांना मिळणारी छोटी पेट्रोल गाडी १८ टक्के करासह साधारण ६,४०,००० रुपयांना मिळू लागली, म्हणजे नवी गाडीच साठ हजारांनी उतरली. यार्डात उभ्या असलेल्या त्याच मॉडेलच्या दोन वर्षांच्या गाडीचे काय होणार, हे सांगायला ज्योतिषी नको. आणि ही घसरण त्या दिवशी सुरू झाली नव्हती. १५ ऑगस्टनंतरच ग्राहक थबकला होता. गणपतीत एरवी होणारे बुकिंग झाले नाही, त्यानंतर पितृपक्ष लागला, ज्यात आपल्याकडे गाडी कोणी घेत नाहीच; असे पाच-सहा आठवडे यार्डातल्या गाड्या धूळ खात होत्या आणि त्यांच्यावरचे व्याज मात्र चालू होते. मी एका शनिवारी तेथे बसलो होतो. एक गृहस्थ मुलाला घेऊन आले, बॉनेट उघडून पाहिले, गाडी चालवूनही पाहिली आणि मग मुलाने मोबाइलवर शोरूमची नवी किंमत काढून टेबलावर ठेवली. दोघेही काही बोलले नाहीत. व्यापाऱ्यानेही बोलणे वाढवले नाही. त्याने चहा मागवला.

त्या महिन्यातल्या दोन गाड्यांचा हिशोब माझ्या चांगलाच लक्षात आहे. ऑगस्टच्या सुरुवातीला ५,१०,००० रुपयांना घेतलेली एक गाडी ४,७५,००० रुपयांना द्यावी लागली. तोटा ३५,००० रुपये. दुसरी गाडी बरीच जुनी होती, जुलैत स्वस्तात हाती आली होती. तिच्यात ४५,००० रुपयांचा फरक मिळाला. दोन्ही मिळून, दुरुस्तीचा खर्च न धरताही, हाती १०,००० रुपये. कर ४५,००० रुपयांवर, म्हणजे ८,१०० रुपये. पहिल्या गाडीच्या ओळीपुढे मी शून्य लिहिले तेव्हा व्यापारी म्हणाला, "ही गाडी सरकारला दिसतच नाही का?" मी नियमातला तो शब्द पुन्हा सांगितला.

नव्या गाड्यांवरचा कर कमी करू नये, असे माझे म्हणणे नाही. छोटी गाडी घेणाऱ्याला तो दिलासा आवश्यक होता, आणि स्वस्त झालेल्या नव्या गाडीसाठी लोक आपली जुनी गाडी विकायला काढतात, त्यामुळे व्यापाऱ्यालाही माल मिळतो, तोही नव्या भावाने. जो साठा बदलाच्या दिवशी यार्डात असतो, तोच तेवढा मधल्या मध्ये चेपला जातो. मात्र एका दिवशी तोट्यात गेलेल्या साठ्याला त्याच महिन्याच्या नफ्यातून वजा होण्याची मुभा द्यायला काय हरकत होती, हे मला आजही समजलेले नाही.

कंपनीच्या नावावरच्या गाड्यांबद्दल थोडे. नोंदणीकृत व्यावसायिकाने गाडीवर प्राप्तिकराखाली घसारा, म्हणजे वापरामुळे दरवर्षी घटणाऱ्या किमतीची वजावट, घेतली असेल, तर विक्रीची किंमत आणि घसारा वजा जाता उरलेली किंमत यांच्या फरकावर कर लागतो. दहा लाखांची गाडी दरसाल १५ टक्के घसाऱ्याने पाच वर्षांत कागदोपत्री साधारण ४,४४,००० रुपयांवर येते. ती पाच लाखांना विकली तर ५६,००० रुपयांवर कर. मालकाच्या दृष्टीने गाडी निम्म्या किमतीला गेलेली असते, आणि तरी कर येतो. डिसेंबरमधला तो बारा लाख-नऊ लाखांचा गोंधळ बहुधा येथूनच निघाला असावा.

सर्वांत अवघड प्रश्न न दिसणाऱ्या व्यवहारांचा आहे. या व्यवसायातला मोठा भाग आजही असा चालतो की व्यापारी मालकाकडून मालकी बदलण्याच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या घेऊन ठेवतो, पुढच्या जागा कोऱ्या सोडतो आणि ग्राहक मिळाला की आरटीओत गाडी थेट मालकाच्या नावावरून ग्राहकाच्या नावावर जाते. मध्ये व्यापारी होता, याची नोंद कुठेच राहत नाही. दोन खासगी व्यक्तींमधल्या विक्रीवर जीएसटी नाही. दलालीवर १८ टक्के आहे, पण जी दलाली रोख घेतली जाते तिचे बिल कोण फाडणार? १ एप्रिल २०२३ पासून केंद्राने नोंदणीकृत वाहनांच्या व्यापाऱ्यांसाठी अधिकृततेची व्यवस्था आणली आहे. मालकाने गाडी ताब्यात दिल्याची सूचना ऑनलाइन दिली की त्या काळापुरता व्यापारीच मानीव मालक, म्हणजे कायद्याने मालक धरलेला, होतो, गाडी कुठे चालवली याची नोंदवही ठेवतो, आणि मधल्या काळात अपघात झाला तर जुन्या मालकाला पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. व्यवस्था चांगली आहे. परंतु जो तीत येतो तो करखात्यालाही दिसू लागतो, आणि १२ चे १८ झाल्यावर न दिसण्याचा फायदा आणखी वाढला. पक्के बिल देणाऱ्या माझ्या व्यापाऱ्याच्या शेजारच्याच मोकळ्या जागेत उभी असलेली तीच गाडी दहा हजारांनी स्वस्त का, याचे उत्तर ग्राहकाला या सगळ्यातून देता येत नाही.

राज्याचा मोटार वाहन कर या धंद्याला तुलनेने कमी त्रास देतो. महाराष्ट्रात पहिल्या मालकाने भरलेला एकरकमी कर राज्यातल्या राज्यात गाडीबरोबरच जातो. १ जुलै २०२५ पासून सीएनजी आणि एलपीजी गाड्यांचा कर एक टक्क्याने वाढला आणि कराची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाख झाली, पण हे नव्या गाड्यांपुरते. अडचण येते ती दिल्लीहून आणलेल्या गाडीची, जिला तिथली एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र) काढून, इथला कर वयाप्रमाणे भरून नवा नंबर घ्यावा लागतो. पंधरा वर्षांच्या पुढच्या गाडीला पर्यावरण कर आहे, नोंदणीच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये आहेत, आणि २०२५ च्या ऑगस्टपासून वीस वर्षांच्या पुढच्या गाडीला १०,००० रुपये. इतक्या जुन्या गाड्यांना माझे व्यापारी आता हातच लावत नाहीत.

गेल्या महिन्यात मी त्या यार्डातली वही पाहिली. गाडीचा नंबर, खरेदीची तारीख, मालकाला दिलेली रक्कम, दुरुस्ती, विक्री, फरक आणि कर असे रकाने आम्ही पूर्वीच आखले होते. त्याने स्वतःहून एक रकाना वाढवला आहे, लाल शाईने, खरेदीच्या रकमेच्या अगदी शेजारी: 'आजची नवी किंमत'. त्याच मॉडेलची नवी गाडी त्या दिवशी शोरूममध्ये कितीला मिळते, हे फोन करून विचारल्याशिवाय तो आता मालकाच्या हातावर बयाण्याची रक्कम ठेवत नाही.