‘राजकारण नको, कामाचं बोला’

जुलै 2024 मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळानं स्थानिकांना नोकऱ्या देण्याचं विधेयक मंजूर केलं, तेव्हा आमच्या टीमच्या ग्रुपवर मेसेजचा पाऊस पडला. कुणी बातमीची लिंक टाकली, कुणी शिव्या घातल्या, कुणी पाठिंबा दिला. शेवटी मॅनेजरनं लिहिलं, ‘राजकारण नको, कामाचं बोला.’ ग्रुप गप्प झाला. मला ते वाक्य तेव्हाही पटलं नव्हतं. आमचे कामाचे तास, नोकरीचं गाव, नोकरीवर कुणाचा हक्क, पगारातून कुठल्या राज्याचा कर कापायचा, हे सगळं राजकारणातच ठरतं. आम्ही बोललो नाही तर ते आमच्याशिवाय ठरतं.

मी बॅकएंडवर काम करते. पेमेंटचे हिशेब जुळवणारी सिस्टीम आहे आमची. कंपनी पुण्याची, निम्मी टीम बेंगळुरूत, क्लायंट अमेरिकेत आणि मी बेळगावात, वडगावच्या घरात.

मी इंजिनिअर झाले तीच एका राजकीय निर्णयामुळं. महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशाच्या फॉर्ममध्ये उमेदवारांचे प्रकार असतात, ए, बी, सी, डी आणि ई. ई म्हणजे वादग्रस्त सीमाभागातून दहावी-बारावी झालेले, मातृभाषा मराठी असलेले. मी त्या ई मधून कोल्हापूरला प्रवेश घेतला. मुंबईतल्या कुणीतरी कधीतरी आमचा विचार केला, तो नियमात लिहिला आणि एका प्रोग्रॅमरनं यादीत एक पर्याय वाढवला, म्हणून मला कॉलेज मिळालं. त्यामुळं ‘हे टेक्निकल आहे, यात राजकारण कुठं?’ असं कुणी म्हटलं की मला तो फॉर्म आठवतो.

आता ते विधेयक. व्यवस्थापनाच्या पदांवर 50 टक्के आणि बाकीच्या पदांवर 70 टक्के स्थानिक. स्थानिक कोण? कर्नाटकात जन्मलेला, 15 वर्षं इथं राहिलेला आणि कन्नड बोलता, वाचता, लिहिता येणारा. दहावीला कन्नड नसेल तर परीक्षा द्यायची. आयटी कंपन्यांच्या संघटनेनं, नॅसकॉमनं, विरोध केला, बड्या उद्योजकांनी आवाज उठवला आणि काही दिवसांतच सरकारनं विधेयक थांबवून ठेवलं. बेंगळुरूतल्या माझ्या बहुतेक सहकाऱ्यांना हायसं वाटलं. त्यांच्यातला एकजण दावणगेरेचा. तो मला फोनवर म्हणाला, ‘अक्का, माझा भाऊ इंजिनिअर होऊन घरी बसलाय, त्याचं काय?’ त्याच्या प्रश्नावर टीममधल्या कुणाकडंच उत्तर नव्हतं.

मला विचाराल तर विधेयक कच्चं होतं, प्रश्न खरा होता. गंमत म्हणून नाही, खरंच सांगते, त्या व्याख्येत मी बसते. माझा जन्म इथला, शाळा मराठी माध्यमाची असली तरी कन्नड विषय होता, मी कन्नड वाचते, लिहिते, बाजारात भांडतेसुद्धा. पण माझी मावसबहीण शिनोळीची. बेळगावातून दुचाकीवर पोचता येईल एवढ्या अंतरावर, पण चंदगड तालुका, म्हणजे महाराष्ट्र. ती बसत नाही. आणि खरी अडचण तर याच्याही आधीची आहे. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय 1998 पासून बेळगावात आहे. इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, दरवर्षी पोरं पास होतात. आणि मग रात्रीच्या गाडीनं एक लोंढा बेंगळुरूला जातो, दुसरा पुण्याला. मराठी बोलणारी पोरंही जातात, कन्नड बोलणारीही. राज्याच्या टक्केवारीनं यातलं काहीच बदललं नसतं, कारण सगळ्या नोकऱ्या एका शहरात आहेत. आरक्षण हवंच असेल तर जागांचं नको, गावांचं करा. कंपन्यांना सवलतीची जमीन देताना काही टक्के काम बेळगाव, कलबुर्गी, शिवमोग्यातून झालंच पाहिजे अशी अट घाला.

हे होऊ शकतं याचा पुरावा आम्ही स्वतः आहोत. 2020 मध्ये आम्ही सगळे घरी आलो. टिळकवाडीतल्या कितीतरी घरांत वरच्या खोलीत लॅपटॉप लागला, प्रॉडक्शन, म्हणजे ग्राहक वापरतात ती सिस्टीम, कुठं बंद पडलं नाही. मग हळूहळू ‘आठवड्यातून तीन दिवस ऑफिस’ आलं. खानापूरचा आमचा एक चांगला डेव्हलपर आता हिंजवडीत तिघांबरोबर भाड्याच्या खोलीत राहतो आणि तिथून बेंगळुरूच्या लोकांशी व्हिडिओ कॉलवर बोलतो. ऑफिसात त्याच्या टीमचं दुसरं कुणीच नसतं. त्याची आई गावात एकटी आहे. मला प्रोजेक्टमुळं सूट मिळाली, ती कधीही जाऊ शकते.

तासांबद्दल मात्र मला जास्त बोलायचं आहे.

माझे बाबा उद्यमबागेत एका फाउंड्रीत मशीनिस्ट होते. त्यांचं कार्ड असायचं. आत जाताना पंच, बाहेर पडताना पंच. जास्त वेळ थांबले तर ओव्हरटाइम, आणि तो दुप्पट दरानं, कारण 1948 च्या फॅक्टरी कायद्यात तसं लिहिलंय. मालक काही साधू नव्हते, पैसे थकायचे, वाद व्हायचे. पण वाद घालायला हातात एक कार्ड होतं. माझा पगार त्यांच्या शेवटच्या पगाराच्या कितीतरी पट आहे आणि माझ्याकडं ते कार्ड नाही. टाइमशीटमध्ये रोज आठ तास भरायचे असतात, नऊ टाकले तर सिस्टीम लाल अक्षरांत नाकारते. रात्री साडेनऊला अमेरिकेबरोबर कॉल सुरू झाला की बाबा दारात येतात. ‘पोरी, अजून कुणाशी बोलूलालीस?’ मी हातानं थांबा म्हणते. कॉल संपल्यावर ते विचारतात, ‘ह्याचे वेगळे देतात काय गं?’

कर्नाटकाचा दुकानं आणि व्यापारी आस्थापनांचा कायदा 1961 चा आहे. दिवसाला 9 तास, आठवड्याला 48, ओव्हरटाइम धरून दिवसाला 10, आणि तीन महिन्यांत जास्तीत जास्त 50 तास ओव्हरटाइम. जुलै 2024 मध्येच, म्हणजे स्थानिकांच्या विधेयकाच्याच दिवसांत, आयटीसाठी दिवसाला 12 तासांहून जास्त काम करू देण्याचा प्रस्ताव चर्चेत आला. विरोध झाला, मागं पडला. जून 2025 मध्ये नव्या रूपात आला, रोज 10 तास, ओव्हरटाइमसह 12, तीन महिन्यांत 144. दोन्ही वेळा आयटी कर्मचाऱ्यांच्या युनियननं, केआयटीयूनं, आवाज उठवला. स्थानिकांच्या विधेयकावर आमच्या ग्रुपवर आग लागली होती, आणि तासांच्या प्रस्तावावर चार माणसं बोलली. याचं मला फार वाईट वाटतं. पहिल्या विधेयकानं नोकरी मिळणार की नाही हे ठरणार होतं, दुसऱ्यानं मिळालेल्या नोकरीत आयुष्य उरणार की नाही हे.

वरून आम्हाला उपदेश मिळतो. ऑक्टोबर 2023 मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला 70 तास काम करायला सांगितलं, जानेवारी 2025 मध्ये एल अँड टीचे सुब्रह्मण्यन 90 तासांपर्यंत गेले. मोठ्या माणसांचा मला आदर आहे, इन्फोसिस नसती तर माझ्यासारख्या मुलींना हे क्षेत्रच दिसलं नसतं. पण 70 तास काम करणाऱ्या माणसाच्या घरी स्वयंपाक कोण करतं, म्हाताऱ्यांना दवाखान्यात कोण नेतं, हा हिशेब त्यात नाही. माझ्या घरी तो हिशेब माझ्याच नावावर पडतो. आमच्या टीममधल्या ज्या बायकांनी नोकरी सोडली, त्यांतल्या एकीलाही कोड जमत नव्हता म्हणून सोडावी लागली नाही.

एआयबद्दल थोडंच. मी ते रोज वापरते, कोडच्या चाचण्या लिहायला उत्तम आहे. पण त्यानं वाचलेला वेळ आमच्याकडं परत आलेला नाही, स्प्रिंटमध्ये, म्हणजे दर ठरावीक आठवड्यांच्या टप्प्यात, स्टोऱ्या, म्हणजे वाट्याला येणारी कामं, वाढल्या. आणि फ्रेशरना जी छोटी कामं देऊन आम्ही शिकवायचो, तीच आधी गेली. जुलै 2025 मध्ये टीसीएसनं 12 हजारांहून जास्त माणसं कमी करायचं जाहीर केलं, तेव्हा बेळगावातल्या कॉलेजच्या मुलांचे मला फोन आले. त्यांना काय सांगायचं हे एकट्या सीनियरनं ठरवण्यासारखं नाही. ते सरकारचं, कॉलेजांचं, कंपन्यांचं मिळून काम आहे. म्हणजे पुन्हा राजकारण.

इथल्या राजकारणात यातलं काही येतं का? डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं, रस्ते बंद होतात, सीमाप्रश्नावर घोषणा होतात. 1 नोव्हेंबरला एकीकडं कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडं मराठी लोकांचा काळा दिवस. सीमाभागावरचा महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. मी मराठी आहे, सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना माझ्या घरात मान आहे, आणि त्या दाव्याबद्दल माझं मत कुणी विचारलं तर मी लपवत नाही. पण फेब्रुवारी 2025 मध्ये भाषेच्या वादातून बस कंडक्टरला मारहाण झाली, दोन्ही राज्यांच्या बसगाड्या थांबल्या, तेव्हा अडकली ती निपाणी, चिकोडी, कागलची साधी माणसं. कंडक्टरवर हात टाकून मराठीचं काय भलं झालं हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. 2018 आणि 2023, दोन्ही विधानसभांत, सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचा एकही आमदार निवडून आला नाही. मराठी मतदार मराठी विसरला असं मला वाटत नाही. त्याला भाषेबरोबर पाणी, नोकरी, सातबाऱ्यासारखा साधा कागदही हवाय, आणि त्याबद्दल बोलणारं कुणी दिसत नाही.

त्या कागदाचंच बघा. आमच्या काकांची शेती खानापूर तालुक्यात. पहाणी, म्हणजे कर्नाटकातला सातबारा, कन्नडमध्ये येते, काकांना वाचता येत नाही, ते मला फोटो पाठवतात. जिथं भाषिक अल्पसंख्याक 15 टक्के किंवा त्याहून जास्त आहेत तिथं महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही द्यावेत, हे देशपातळीवर मान्य झालेलं तत्त्व आहे. मग अडतं कुठं? तंत्रज्ञानात तर अजिबात नाही. संगणकात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक देणारी युनिकोड नावाची पद्धत आहे. तिच्यात मराठी ‘क’चा क्रमांक 2325, कन्नड ‘क’चा 3221. फरक 896. ‘ग’मधला फरक 896, ‘म’मधला 896, आपल्या दोघांच्या ‘ळ’मधलाही 896. दोन्ही लिप्या एकाच साच्यात मांडलेल्या आहेत, म्हणून नावं एका लिपीतून दुसरीत नेणं नवख्या डेव्हलपरचं काम आहे. काही अक्षरं हातानं बघावी लागतात, बाकी रकान्यांची शीर्षकं एकदा भाषांतर केली की झालं. महाराष्ट्राच्या जमीन नोंदींच्या संकेतस्थळावर, महाभूलेखवर, सातबारा बघताना भाषा निवडता येते आणि त्यात कन्नडही आहे. महाराष्ट्रातल्या जतच्या कन्नड शेतकऱ्याला जे मिळतं, ते खानापूरच्या मराठी शेतकऱ्याला मिळावं. त्यासाठी नकाशावरची एकही रेघ हलवावी लागत नाही, न्यायालयाचा निकालही लागत नाही. हे मी माझ्या कन्नड सहकाऱ्यांना समजावलं आहे आणि त्या दावणगेरेच्या मित्रानंच पहिल्यांदा ‘बरोबर आहे’ म्हटलं.

सध्या माझा स्वतःचा एक प्रश्न कंपनीकडं पडून आहे. माझ्या नेमणूकपत्रावर कामाचं ठिकाण पुणे आहे. प्रोफेशनल टॅक्स महाराष्ट्राला जातो, दर महिना 200 आणि फेब्रुवारीत 300. घरपट्टी बेळगाव महापालिकेला जाते. काम मी बसून वडगावात करते. मग माझ्या तासांना दुकानं-आस्थापनांचा कायदा कुठला, महाराष्ट्राचा 2017 चा की कर्नाटकाचा 1961 चा? 21 नोव्हेंबर 2025 पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत, त्यांतली ओव्हरटाइमची तरतूद मला लागू होते का? रात्री साडेनऊचा कॉल कामाच्या तासांत धरायचा की नाही? एचआरनं तोंडी सांगितलं, ‘कंपनी पॉलिसी बघा.’ पॉलिसीत यातलं काही नाही, म्हणून मी तिन्ही प्रश्न मेलवर लेखी विचारले आहेत, खानापूरच्या त्या डेव्हलपरला आणि दावणगेरेच्या मित्राला सीसी करून. दोघांनीही खाली ‘माझाही हाच प्रश्न’ असं लिहिलं. उत्तर आलं की ते इथं जसंच्या तसं लिहीन.