खाऱ्या वाऱ्यात काँक्रीटच्या भिंतीवर पत्र्याचं कटवर्क

श्रीवर्धनपासून वेंगुर्ल्यापर्यंत कंपाउंडच्या भिंतींवर लेसरने कापलेले मासे, माड, गलबतं आता सर्रास दिसतात. एखाददुसऱ्या पावसाळ्यानंतर त्यांच्याखाली तांबडे ओघळही दिसतात. गंज बहुतेक वेळा धरतो तो पत्र्याच्या पाठीला आणि कापलेल्या कडेला, म्हणून जीव ओतायचा तो तिथेच.

समुद्र दिसत असेल तर 2 मिमी जाडीचा एसएस (स्टेनलेस स्टील) 316च घ्या. त्यातल्या 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम या धातूमुळे तो मिठापुढे नेहमीच्या 304 स्टेनलेसपेक्षा बराच जास्त टिकतो. दोन्ही पत्रे चुंबकाला जवळपास चिकटत नाहीत, त्यामुळे चुंबक लावून काही कळत नाही. मिल सर्टिफिकेट, म्हणजे पत्रा बनवणाऱ्या कारखान्याचा दाखला, मागा. कॉर्टेन, म्हणजे वर गंजाचा थर धरून पुढचा गंज थांबवणारं पोलाद, फोटोत देखणं दिसतं, पण खाऱ्या हवेत त्याचा गंज थांबतच नाही. इथे ते नकोच. आणि फॅब्रिकेटरला बजावून सांगा, की लोखंडावर फिरवलेली ग्राइंडरची चकती 316ला लावायची नाही. लोखंडाचे कण पत्र्यात रुततात आणि थोड्याच दिवसांत तांबडे ठिपके उठतात.

बजेटपायी एमएस (साधं लोखंडी पोलाद) घ्यावं लागलं, तर लेसरसोबत ऑक्सिजन सोडून कापलेल्या कडेवरचा काळा पापुद्रा पूर्ण घासून काढा आणि कड किंचित गोल करा. नाहीतर पावडर कोटिंग (भट्टीत भाजून बसवलेला पावडरचा रंग) कडेपासूनच सुटतं. त्या कोटिंगखाली झिंक प्रायमर हवाच.

पत्रा भिंतीला टेकवू नका. मागे 20 ते 25 मिमी फट ठेवा, म्हणजे पाणी आणि मीठ अडकत नाही. नवं काँक्रीट असेल तर 28 दिवस थांबा. पुठ्ठ्याच्या साच्यावरून खुणा करून एम6च्या (6 मिमी आट्यांच्या) 316 रॉडसाठी 8 मिमीचं भोक पाडा. खोली 60 मिमी, गिलावा सोडून मोजलेली. भोक फुंका, ब्रश फिरवा, पुन्हा फुंका, मगच केमिकल अँकर (रॉड भोकात घट्ट चिकटवणारा रसायनी लगदा) भरा. आत भुकटी राहिली की रॉड हाताने उपसून येतो. सळई लागली तर जोर न करता भोक सरकवा. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंतीत फुगणारा फास्टनर नको, आवळला की जांभा भुगा होऊन सुटतो; तिथे जाळीची स्लीव्ह घालून केमिकलच वापरा. पत्र्यातली भोकंही 8 मिमीची ठेवा, उन्हात पत्रा वाढतो त्याला जागा हवी.

पडवीच्या छपराखालच्या पत्र्याला पाऊस लागत नाही, मीठ साठत जातं आणि उघड्यावरच्या पत्र्याआधी त्याच्यावर डाग पडतात. तो महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवा, नळी मागच्या फटीतही फिरवा.