ओवी बसवताना

‘तुमच्या गाण्यांमागची गोष्ट लिहा,’ असं आपल्या शाळेच्या स्मरणिका मंडळाने कळवलं. माझ्या बहुतेक चाली बेळगाव-खानापूरकडच्या कामांतून आल्या: दळणातून, रोप लावणीतून, यल्लम्माच्या जोगतिणी वाजवतात त्या चौंडक्यातून. स्नेहसंमेलनात ही गाणी बसवणाऱ्या मुलींना उपयोगी पडेल तेवढं लिहिते.

जातं ओढताना एका फेऱ्याचे दोन भाग पडतात. खुंटा अंगाकडे येताना जोर लागतो, पुढे जाताना हात सैल सुटतो. म्हणून ओवी दादरा तालाच्या सहा मात्रांत आपसूक बसते: तीन ओढायच्या, तीन सोडायच्या. ओळीत मधेच येणारे ‘बाई’, ‘गं’ हे भरतीचे शब्द समजून मुली गाळतात आणि केरव्यावर, म्हणजे आठ मात्रांच्या तालावर, गाणं पळवतात. दळणारीला तेवढ्यातच वैरण, म्हणजे जात्याच्या तोंडात दाणे, घालायला आणि श्वास घ्यायला सवड मिळते. ती जागा गेली की ओळीच्या शेवटी दम संपतो आणि नेमकं यमकच गिळलं जातं. मिनिटाला ९० मात्रा, म्हणजे पंधरा फेरे, एवढी लय पुरे.

चाल पेटीवर शोधू नका. आमच्या भागातल्या ओवीचा गांधार, म्हणजे ‘ग’, कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी लागतो आणि पेटीला ती पट्टीच नाही. आधी तंबोऱ्यावर, तो मिरजेचा असो की मोबाइलमधला, गळ्याने चाल पक्की करा. पेटी नंतर घ्या, तीही षड्ज-पंचम धरण्यापुरती. आठवी-नववीच्या मुलींना षड्ज, म्हणजे ‘सा’, काळी एकचा, पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा, बरा. काळी तीनला नेला, तर तार षड्जावर, म्हणजे वरच्या ‘सा’वर, अर्ध्या मुली ओरडू लागतात.

रोप लावणीच्या गाण्याचं गणित निराळं. चिखलात वाकून मागे सरकत रोपं खोचताना पोट दाबलेलं असतं, श्वास आखूड होतो. म्हणून ओळीही सहा-आठ अक्षरांच्या. एकीने ओळ टाकायची, बाकीच्यांनी झेलायची, तेवढ्यात पहिलीचा दम परत येतो. हे गाणं एकटीने माइकवर म्हटलं की दोन कडव्यांत धाप लागते. दोन गट हवेतच.

सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर माघी पौर्णिमेला मराठी आणि कन्नड पदं एकाच चौंडक्यावर ऐकू येतात. लाकडी नळकांड्याच्या एका तोंडाला कातडं, त्यातून निघालेली तार वरच्या दांड्याला बांधलेली. तार ताणली की सूर चढतो, म्हणून गाणारीही नकळत वर सरकते. स्टेजवर आधी चौंडकं गाणारीच्या षड्जाला लावा आणि मगच पेटी धरा. पावसाळ्यात कातडं दमट होऊन सूर उतरतो. ते थोडं शेकून घ्या, पण आचेच्या फार जवळ नको, तडकतं.

शब्दही इथलेच ठेवा. ‘काय करतोस’पेक्षा आपलं ‘काय करूलालास’ गळ्याला सोपं, कारण रू, ला, ला ही तिन्ही अक्षरं लांब, सूर टिकवायला त्यांत जागा आहे. ‘हे अशुद्ध आहे’ म्हणून कुणी बदलायला सांगितलं तर ऐकू नका. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांनी माळव्याच्या लोकधुनांतून नवे राग उभे केले. आपल्या शिवारातल्या धुना अजून तेवढ्या कान देऊन कुणी ऐकलेल्या नाहीत, याचं मला फार वाटतं.

ओव्या गोळा करायच्या तर आज्जीला खुर्चीवर बसवून ‘म्हणा’ असं सांगू नका. दोन ओळींनंतर तिला पुढचं आठवत नाही. खुंटा हातात आला की ओव्या एकामागून एक येतात. मोबाइल जात्यापासून हातभर लांब, जमिनीवर न ठेवता घडी केलेल्या घोंगडीवर ठेवा, नाहीतर घरघर आवाजावर चढते. आणि जातं रिकामं फिरवू नका, दगडाला दगड घासून कच पडते. मूठभर जोंधळे घाला.