नेमबाजाने स्वतःला कशावरून जोखावे?

अथेन्सच्या २००४ च्या ऑलिंपिकमध्ये दहा मीटर एअर रायफलच्या पात्रता फेरीत अभिनव बिंद्राने ६०० पैकी ५९७ गुण मिळवले, पण अंतिम फेरी संपली तेव्हा तो सातवा होता. चार वर्षांनी बीजिंगमध्ये पात्रता फेरीत त्याचे ५९६ झाले, म्हणजे अथेन्सपेक्षा एक गुण कमीच, आणि त्या वेळी मात्र तो सुवर्णपदक घेऊन परतला. बीजिंगच्या अंतिम फेरीत शेवटचा शॉट शिल्लक असताना तो आणि फिनलंडचा हेन्री हाक्किनेन बरोबरीत होते, बिंद्राने १०.८ मारला, हाक्किनेनचा ९.७ गेला. अथेन्समध्ये तो ज्या लेनमध्ये उभा होता तिथली फरशी सैल होती, हे बिंद्राला पुढे कळले. आता ५९७ आणि ५९६ यांतला चांगला गुण कोणता, असे कोणी विचारले तर उत्तर देणे अवघड आहे, आणि तरीही आपल्याकडे रेंजवर पोराने पाऊल ठेवल्यापासून त्याचा सगळा हिशेब याच एका आकड्यावर मांडला जातो.

मी क्लबच्या पातळीवर रायफल चालवतो आणि ज्युनिअर मुलांच्या सरावाला बरेचदा मागे उभा असतो, त्यामुळे ही तक्रार ऐकीव नाही. सरावात एखादी सिरीज (दहा शॉट्सची, प्रत्येक शॉटला जास्तीत जास्त १०.९) १०६ ची गेली की ती नेमबाजाच्या मनात ‘आपली खरी पातळी’ म्हणून पक्की बसते आणि मॅचमध्ये १०३ ची गेली की तो अपघात ठरतो. घरचे लोक याच्या नेमके उलटे करतात: त्यांच्या लेखी मॅच तेवढी खरी आणि सराव म्हणजे नुसताच वेळ. दोघेही एकाच नेमबाजाकडे पाहत असतात, पण दोघांनी आपापल्या सोयीचे शॉट निवडलेले असतात.

खरे मोजमाप मॉनिटरवर आकडा उमटण्याआधी होते. ट्रिगर सुटला त्या क्षणी नळीच्या टोकावरची नेमाची रिंग आणि लक्ष्याचा काळा गोल एकमेकांत कसे बसले होते, हे ज्याने पाहिले आहे, तो मॉनिटरकडे मान वळवण्यापूर्वीच मनाशी म्हणतो, ‘नऊ-आठ, तीन वाजता’, म्हणजे उजवीकडे थोडा बाहेर. यालाच शॉट कॉल करणे म्हणतात. नंतर पाहावे तर शॉट खरोखर तिथेच असतो, आणि मग तो नऊ असूनही त्यात शिकण्यासारखे सगळे असते: खांदा सैल पडला, की श्वास फार वेळ धरला, की बोट घाईने दाबले गेले, याचा माग त्याला लागतो. याउलट कॉल उजवीकडचा आणि शॉट मात्र १०.७, असे झाले तर खूश होण्याचे काही कारण नाही, कारण एक तर लक्ष नव्हते, किंवा साइट (नेम धरण्याचा भाग), पेलेट (छर्रा), रायफलची पकड यांपैकी काहीतरी हलले आहे आणि ते पुढच्या सिरीजमध्ये हिशेब मागणार आहे. आमच्याकडच्या एका मुलीच्या डायरीत प्रत्येक शॉटसमोर दोन टिंबे असतात, पेन्सिलीचे कॉलचे आणि शाईचे प्रत्यक्ष शॉटचे, आणि पानाच्या तळाशी एकूण गुण इतक्या बारीक अक्षरात लिहिलेले असतात की ते मुद्दाम शोधावे लागतात. मला ती डायरी फार आवडते.

गुणांवर एवढा अविश्वास का, याचे गणित साधे आहे. एअर रायफलच्या लक्ष्यावरचा दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो, पेलेट ४.५ मिलिमीटरचे असते, आणि दशांश पद्धतीत ०.१ गुण म्हणजे लक्ष्याच्या केंद्रापासून पाव मिलिमीटर. समजा एखाद्या नेमबाजाची सरासरी १०.४५ आहे आणि त्याच्या प्रत्येक शॉटमागचा प्रमाणित चढउतार ०.३ गुणांचा आहे. पात्रता फेरीतल्या साठ शॉट्सच्या बेरजेत तो चढउतार सव्वादोन गुणांच्या आसपास भरतो. म्हणजे तोच माणूस, तीच रायफल, तीच तयारी असूनही एका दिवशी ६२९ आणि दुसऱ्या दिवशी ६२५ होऊ शकतात आणि त्यामागे काहीही घडलेले नसते. पॅरिसच्या २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या पात्रता फेरीत अर्जुन बबुता ६३०.१ गुणांवर सातवा आला आणि अंतिम फेरीत गेला. संदीप सिंग ६२९.३ वर बारावा राहिला. फरक आठ दशांशांचा, म्हणजे साठ शॉट्सच्या केंद्रापासूनच्या अंतरांची बेरीज केली तर दोन मिलिमीटरचा. एकाचे कौतुक झाले आणि दुसऱ्याचे नाव सहसा कोणाच्या लक्षात नाही. स्पर्धेला असा निवाडा करावाच लागतो, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. नेमबाजाने तोच निवाडा स्वतःवर जसाच्या तसा लादू नये, इतकेच. (जुन्या पूर्णांक पद्धतीत तर १०.० आणि १०.९ यांत फरकच दिसत नसे. सुमा शिरूर यांनी २००४ मध्ये क्वालालंपूरच्या आशियाई अजिंक्यपद नेमबाजी स्पर्धेत ४०० पैकी ४०० केले तेव्हा मोजपट्टीच संपली होती.)

निवड करणाऱ्यांनाही ही अडचण ठाऊक असते. पॅरिसच्या वेळी दिल्ली आणि भोपाळ इथे चार चाचण्या घेऊन प्रत्येकाच्या सर्वोत्तम तीन गुणांची सरासरी धरण्यात आली. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ मध्ये जगज्जेतेपदाबरोबर देशासाठी ऑलिंपिकचा कोटा, म्हणजे एका नेमबाजाची जागा, मिळवला होता, तरी या चाचण्यांत तो मागे पडला आणि संघाबाहेर राहिला. त्यावर वाद झाला आणि तो होणारच होता. एका मॅचपेक्षा तीन मॅचची सरासरी निश्चितच अधिक विश्वासार्ह आहे. पण सर्वांत वाईट मॅच वगळल्याने, वाईट दिवशी माणूस किती खाली घसरतो ही माहितीही वगळली जाते. मला स्वतःला तीच माहिती अधिक मोलाची वाटते.

कारण सरावाचा खरा परिणाम वरच्या टोकाला दिसतच नाही. चांगल्या दिवशी होणारे गुण वर्षभरात फारसे वाढत नाहीत. वाढतो तो तळ. ज्याची सर्वांत वाईट सिरीज गेल्या हंगामात १०१ ची होती आणि आता १०३ च्या खाली जात नाही, त्याचा सराव योग्य चालला आहे, मग त्याचा वैयक्तिक उच्चांक तसाच का राहिना. पेलेट न भरता केलेला ड्राय फायरचा सराव तर गुणांत मांडताच येत नाही. नळीवर सेन्सर लावून नेम कसा सरकला याची रेघ पाहता येते, आणि ट्रिगर सुटण्याआधीच्या शेवटच्या सेकंदात ती रेघ किती पसरते, हे कोणत्याही बेरजेपेक्षा जास्त बोलके असते.

पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये बेरीज आणखी फसवी होते. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसच्या पात्रता फेरीत ५९० केले आणि तो सातव्या क्रमांकाने अंतिम फेरीत गेला. ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर ५८९ वर बाहेर राहिला. स्वप्नीलचे ५९० फोडून पाहिले तर गुडघ्यावर बसून १९८, पोटावर झोपून १९७ आणि उभे राहून १९५ असे आहेत. सराव ठरवायचा तो या फोडीवरून. उभ्या पोझिशनमध्ये शरीराला टेकू सर्वांत कमी, म्हणून गुण तिथेच गळतात. झोपून मारताना गेलेला एक गुण बहुधा वाऱ्याचा अंदाज चुकल्याने जातो. दोन्ही गुण बेरजेत सारखेच, पण एकासाठी पाय आणि पाठ घडवावी लागते, तर दुसऱ्यासाठी वाऱ्याचे झेंडे वाचायला शिकावे लागते.

मॅचमधल्या अपयशाला एकच नाव देऊन मोकळे होण्याची सवय मला सर्वांत घातक वाटते. अमेरिकेच्या मॅथ्यू एमन्सने अथेन्समध्ये सुवर्ण हातात असताना शेवटचा शॉट शेजारच्या लेनच्या लक्ष्यावर मारला आणि तो आठवा आला. बीजिंगमध्ये पुन्हा आघाडीवर असताना त्याच्या शेवटच्या शॉटला ४.४ मिळाले आणि तो चौथा राहिला. जगाने दोन्हींना ‘दडपण’ म्हटले. पण पहिली चूक लक्ष्याचा क्रमांक तपासण्याच्या क्रमात होती आणि दुसरी बोट ट्रिगरला वेळेआधी लागण्यात. दोन्हींचे उपाय वेगवेगळे, आणि ज्याने ‘दडपण’ एवढेच लिहून डायरी मिटली त्याला दोन्ही सापडणार नाहीत. टोकियोत मनू भाकरचे पिस्तूल पात्रता फेरीत मध्येच बिघडले, वेळ गेला, ती ५७५ वर बाराव्या क्रमांकावर राहिली आणि तिच्या स्वभावापासून कुवतीपर्यंत सगळ्यावर बोलले गेले. त्या दिवसाच्या गुणांवरून तिच्या कुवतीविषयी फारच थोडे कळत होते. पॅरिसमध्ये तिने दोन कांस्यपदके मिळवली.

उरला प्रश्न गुणवत्तेचा, ज्याबद्दल पालक सर्वांत आधी विचारतात आणि ज्याचे उत्तर सर्वांत उशिरा मिळते. नजर तीक्ष्ण असणे ही गुणवत्ता नव्हे. चष्मा लावणारे कितीतरी नेमबाज उत्तम गुण करतात. हात स्थिर असणे कामाचे खरे, पण जॅकेट, पोझिशन आणि सराव मिळून त्यातले बरेचसे देतात. मी नवीन मुलांमध्ये एकच गोष्ट पाहतो. रायफल उचलली, नेम धरला, पण आतून काही बसले नाही, तर मूल शॉट न मारता रायफल खाली ठेवते का? घड्याळ चालू आहे, शेजारच्या लेनमधला पुढे गेला आहे, मागे आई-वडील बसले आहेत आणि तरीही तिसऱ्यांदा, चौथ्यांदा रायफल खाली ठेवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणारे मूल मला तत्काळ १०.५ मारणाऱ्या मुलापेक्षा आश्वासक वाटते. रुद्रांक्ष अठराव्या वर्षी जगज्जेता झाला. स्वप्नील २००९ मध्ये क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला आणि त्याचे पहिले ऑलिंपिक २०२४ मध्ये आले. त्याआधीच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तो आघाडीवर असताना ७.६ चा एक शॉट गेला आणि तो चौथा राहिला होता. त्या रात्री कोणी त्याच्या गुणवत्तेवर मत दिले असते तर ते एका शॉटवरून दिलेले मत ठरले असते, आणि पुढच्या ऑगस्टमध्ये ४५१.४ गुणांचे कांस्यपदक आले तेव्हा ते मागे घ्यावे लागले असते.