तुम्ही विचारलंत म्हणून: लंडन हातात असताना ते घरी का गेले?

वर्गात कुणीतरी विचारतंच. व्याख्यान संपल्यावर चहा घेताना विचारतात, भावकीतल्या लग्नात पंगत उठल्यावरसुद्धा विचारतात. "मॅडम, १३८१ साली इंग्लंडमधल्या शेतकऱ्यांच्या बंडात लंडन बंडवाल्यांच्या ताब्यात होतं, टॉवरच्या किल्ल्यात घुसून त्यांनी आर्चबिशपचं मुंडकं उडवलं होतं, राजा समोर उभा होता. मग राजाने सही-शिक्क्याची सनद दिली म्हणून घरी कसे गेले? इतके भोळे?" इतकी वर्षं मी हसून वेळ मारून नेली. आता एकदा लिहूनच टाकते.

पहिली गोष्ट, ते काय मागायला आले होते ते बघा. डोईपट्टीमुळे बंड झालं, असं लिहिलं की पेपरात मार्क मिळतात. मीच देते. पट्टी होतीच. चार वर्षांतली तिसरी, पंधरा वर्षांवरच्या प्रत्येक डोक्यामागे १२ पेन्स. गावोगावच्या याद्यांतून लोक गायब झाले. १३७७ च्या तुलनेत जवळजवळ एक तृतीयांश माणसं कागदावरून नाहीशी झाली होती. वसुलीला आलेल्या अधिकाऱ्याला एसेक्स परगण्यातल्या ब्रेंटवूडला लोकांनी हाकलून लावलं, तिथून ठिणगी पडली. हे सगळं खरं. पण केंट-एसेक्सपासून केंब्रिजपर्यंत लोकांनी जाळलं काय, ते पाहिलं की नुसत्या पट्टीवर गोष्ट थांबत नाही. त्यांनी दप्तरं जाळली. जमीनदाराच्या दरबारातल्या त्या गुंडाळ्यांत कुणी किती दिवस वेठीला यायचं, पोरीच्या लग्नाला किती भरायचे, बाप मेला की गोठ्यातलं सगळ्यात चांगलं जनावर मालकाकडे कसं पोचवायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेलं होतं. तो कागद राहील तोवर आपण बांधलेले, हे त्यांना पक्कं कळत होतं. केंब्रिजला मार्जरी स्टार नावाच्या बाईने विद्यापीठाच्या कागदांची राख वाऱ्यावर उधळली आणि या पंडितांची विद्या गेली खड्ड्यात, अशा अर्थाचं ओरडली. जुना कागद जाळायला निघालेला माणूस नवा कागद मागणारच. त्यात भोळेपणा कुठला?

माझं माहेर भीमथडीतलं. १२ मे १८७५ ला सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकाराच्या घरात शिरून काय मागितलं? वह्या आणि कर्जखतं. तीच जाळली. पुढे सरकारने चौकशी आयोग बसवला, १८७९ ला कायदा आला. त्या माणसांना भोळं म्हणताना मी कुणाला ऐकलेलं नाही. आपली म्हणून सूट देतो की काय, कोण जाणे.

आता मी पूर्वी काय सांगायचे तेही कबूल करायला हवं, नाहीतर माझे जुने विद्यार्थी वही काढून दाखवतील. मी सांगायचे की राजा चांगला, कारभारी वाईट, अशी त्या काळच्या माणसाची श्रद्धाच होती. चौदा वर्षांचा दुसरा रिचर्ड म्हणजे निष्पाप पोर आणि काका जॉन ऑफ गाँट, चान्सेलर सडबरी (तोच तो आर्चबिशप), खजिनदार हेल्स हे त्याला घेरून बसलेले. बंडवाल्यांचा परवलीचा सवाल होता, तू कोणाच्या बाजूने? उत्तर यायचं, राजा रिचर्ड आणि खऱ्या रयतेच्या. हे उत्तर अजूनही खोटं वाटत नाही मला. फार सोयीचं मात्र वाटतं. राजाचं नाव पुढे केलं की राजद्रोहाचा आरोप निदान काही दिवस तरी लांबतो, एवढा हिशेब गावच्या पंचांना आणि करवसुली स्वतः केलेल्या माणसांना येत नसेल? बंडात असे पुष्कळ होते, नुसते नांगरवाले नव्हते. श्रद्धा की हिशेब? दर वर्षी शिकवताना माझं पारडं हलतं. यंदा हिशेबाकडे आहे.

आणि सगळे घरी गेले, हेच मुळात अर्धसत्य आहे. शुक्रवारी, १४ जूनला, माइल एंडच्या माळावर राजाने मान्य केलं: भूदासगिरी, म्हणजे मालकाच्या जमिनीला बांधलेली वेठ, बंद, एकरी ४ पेन्स खंड, झाल्या गेल्याची माफी. तीसेक कारकून बसवून सनदा लिहायला घेतल्या. एसेक्सवाले बरेच निघाले, कारण जे मागितलं ते मिळालं होतं, शिदोरी संपत आली होती आणि जून महिना होता, गवत कापायचे दिवस. पण केंटवाले थांबले. त्यांचा पुढारी वॅट टायलर थांबला.

शनिवारची दुपार, स्मिथफिल्ड, लंडनच्या तटाबाहेरचं गुरांच्या बाजाराचं मैदान. एका बाजूला सेंट बार्थोलोम्यूच्या इस्पितळापाशी राजा आणि त्याची माणसं, समोर रयत. टायलर लहानशा घोड्यावरून, फक्त एक सोबती घेऊन, मधलं मैदान ओलांडून गेला. यॉर्कच्या मठातली बखर सगळ्यात जवळून सांगते. तो उतरला, गुडघा अर्धवट वाकवला, राजाचा हात धरून जोरजोरात हलवला आणि त्याला "भाऊ" म्हणाला. राजाने विचारलं, तुम्ही आपापल्या गावी परत का जात नाही?

हा प्रश्न नीट बघा. तुम्ही मला विचारता घरी का गेले. राजा विचारत होता घरी का जात नाही. टायलरने शपथ घेऊन सांगितलं की मनासारखी सनद हातात पडेपर्यंत हलणार नाही. मग मागण्या सांगितल्या. राजाखेरीज कुणाचं स्वामित्व नको. चर्चच्या जमिनी रयतेत वाटा. सगळ्या इंग्लंडला एकच बिशप पुरे. इथून पुढे कुणी भूदास नाही. आदल्या दिवशीच्या मागण्यांपेक्षा हे कितीतरी पुढचं होतं. राजा म्हणाला, माझ्या मुकुटाचा अधिकार राखून जे देता येईल ते सगळं देईन, आता घरी जा.

मग टायलरने पाणी मागितलं. उन्हाने जीव कासावीस झाला होता. पाणी आलं, त्याने राजासमोर खळखळून चूळ भरली. बखरकाराला ते किळसवाणं वाटलं, तसं त्याने लिहूनही ठेवलं. वर्गात मी इथे थांबते. उन्हातून आलेला शेतकरी पाणी हातात पडल्यावर आधी चूळ भरतो, आमच्या घरी तर चूळ न भरता पाणी प्यायलं की आजी ओरडायची. बखरकार मठात बसून लिहीत होता. त्याला राजासमोर पडलेली चूळ दिसली, घशाची कोरड दिसली नाही. नंतर टायलरने बिअर मागवली, प्यायला आणि घोड्यावर चढला. तेवढ्यात राजाकडचा एक केंटचा नोकर मोठ्याने म्हणाला, हा तर केंटमधला सगळ्यात मोठा चोर. टायलर भडकला, खंजीर काढला. महापौर वॉलवर्थ त्याला अटक करायला मध्ये पडला. टायलरने त्याच्या पोटात वार केला, पण कपड्यांखाली वॉलवर्थने चिलखत घातलेलं होतं. वॉलवर्थने मानेवर आणि डोक्यावर घाव घातले, राजाच्या आणखी एका माणसाने तलवार आरपार काढली. टायलरने घोड्याला टाच मारली, सूड घ्या म्हणून ओरडला आणि ऐंशीएक पावलांवर खाली पडला.

बोलणीला जाताना आतून चिलखत का, हे मला कुणी विचारत नाही. दंगलीच्या दिवसात सावध माणूस घालेल, असं म्हणता येतं. मीही कधी कधी म्हणते.

रयतेने धनुष्यं ताणली, तेव्हा तो पोरगा एकटा घोडा पुढे काढून त्यांच्यासमोर गेला आणि म्हणाला, मीच तुमचा पुढारी, माझ्यामागे या. ते क्लार्कनवेलच्या शेताकडे त्याच्यामागे गेले. धाडस होतं, नाकारत नाही. तोवर वॉलवर्थने इस्पितळात नेलेल्या अर्धमेल्या टायलरला बाहेर ओढून आणलं आणि स्मिथफिल्डमध्ये त्याचं डोकं उडवलं. त्याच दिवशी वॉलवर्थ सर झाला. टायलरचं डोकं लंडन ब्रिजवर सडबरीच्या डोक्याच्या जागी लागलं. स्मिथफिल्डला बंडाच्या आठवणीची पाटी लागायला २०१५ साल उजाडलं.

आठवडाभराने वॉल्थमला एसेक्सची माणसं राजाकडे गेली, दिलेला शब्द पक्का करून द्या म्हणून. मठातला इतिहासकार वॉल्सिंगहॅम राजाच्या तोंडी जे उत्तर देतो ते असं, की तुम्ही गुलाम होतात आणि गुलामच राहाल, पूर्वीपेक्षा कितीतरी वाईट हालात. शब्द त्याचे की राजाचे, यावर वाद घाला. २ जुलैला चेम्सफर्डला सनदा रद्द झाल्या, हे तर कागदावर आहे. १५ जुलैला बंडवाल्यांचा उपदेशक पाद्री जॉन बॉल याला राजाच्या डोळ्यांदेखत फाशी देऊन त्याचे चार तुकडे केले.

यावर वकिली बाण्याचे लोक मला सांगतात की जबरदस्तीने घेतलेलं वचन कायद्याने बांधत नाही. ठीक. मग भूदासाने मालकाला दिलेली वेठ कुठल्या राजीखुशीची होती?

इतकं बोलल्यावर एक गोष्ट सांगायलाच हवी, जी मी व्याख्यानात बहुधा उरकून टाकते. त्याच शुक्रवारी लंडनमध्ये परदेशातून आलेल्या फ्लेमिश विणकर-व्यापाऱ्यांना जमावाने घरांतून, चर्चमधून ओढून काढून मारलं. सेंट मार्टिन व्हिंट्रीच्या चर्चपाशी पस्तीसेक माणसं. त्यात लंडनकरांचा हात मोठा होता, शेतकऱ्यांचा कमी, असं मी लगेच जोडते. जोडताना माझा आवाज जरा चढतो, हे एका विद्यार्थिनीने मला दाखवून दिलं. जॉन ऑफ गाँटचा सॅव्हॉय राजवाडा जाळताना चांदी पळवणाऱ्याला आपल्याच माणसांनी आगीत टाकलं, आम्ही चोर नाही म्हणून, ही गोष्ट मी रंगवून सांगते. दोन्ही एकाच दोन-तीन दिवसांतल्या आहेत.

"पण हाती काय लागलं?" हा तुमचा दुसरा प्रश्न. नोव्हेंबरात पार्लमेंटला विचारलं, भूदासांना मोकळं करायचं का? उत्तर आलं, एका दिवसात सगळे मेलो तरी नाही. डोईपट्टी मात्र पुन्हा तशी लावायची हिंमत कुणाला बराच काळ झाली नाही, आणि पुढच्या शतकात भूदासगिरी हळूहळू झिजत गेली. बंडामुळे की प्लेगनंतर मजूर कमी पडल्यामुळे? माणसं कमी, म्हणून मजुरी चढी, म्हणून बांधून ठेवणं अवघड. ते बंडाशिवायही झालं असतं असं म्हणणाऱ्यांना माझ्याकडे ठोस उत्तर नाही. राजाने शब्द देतानाच तो मोडायचं ठरवलं होतं का, यावरही नाही. हो म्हणायला मला आवडेल. पण चौदा वर्षांच्या पोराच्या मनात शुक्रवारी काय होतं आणि रविवारी त्याच्या कानात कुणी काय सांगितलं, ते कुठल्या दप्तरात सापडायचं?

आणि भोळेपणाचंच बोलायचं तर सेंट ऑल्बन्सकडे या. तिथल्या मठाधीशाने पूर्वी गावकऱ्यांची दळायची दगडी जाती जप्त केली होती, दळण मठाच्याच गिरणीत आलं पाहिजे म्हणून, आणि त्या दगडांची आपल्या दालनात फरशी घातली होती. १३८१ ला गावकऱ्यांनी फरशी उखडली, जात्यांचे तुकडे केले आणि प्रसादासारखे घरोघर वाटले. त्यांचा पुढारी विल्यम ग्रिंडकॉब. बंड मोडल्यावर त्याला पकडलं आणि जामिनावर सोडलं ते एकाच बोलीवर, गावकऱ्यांना समजाव, मिळवलेल्या सनदा मठाला परत करायला लाव, तुझा जीव वाचेल. तो गावात गेला आणि लोकांना म्हणाला की घट्ट उभे राहा, माझ्या जिवाची काळजी करू नका. त्याला फाशी झाली.

तेव्हा पुढच्या वेळी चहाच्या टेबलाशी गाठलंत तर टायलरचं नको, ग्रिंडकॉबचं विचारा. त्याला घरी जाऊ दिलं होतं, आणि सनदा परत करू नका हे सांगायलाच तो घरी गेला.