खुडूक कोंबडी आणि सातवीचा वर्ग

पक्ष्यांचं जीवनचक्र हा धडा वीस मिनिटांत उरकता येतो. फळ्यावर अंडं, पिल्लू, मोठा पक्षी असे तीन गोल काढायचे, मध्ये बाण मारायचे, पोरं वहीत उतरवून घेतात आणि चाचणीत तीन मार्क पक्के. पण आमच्या सातवीतल्या निम्म्या पोरांच्या घरी कोंबड्या आहेत, त्यांना हे गोल दाखवायचे म्हणजे आपलंच हसं. म्हणून यावेळी एका मुलाच्या आजीला गाठलं, त्यांची गावठी कोंबडी खुडूक होऊन अंड्यांवर बसली होती. आजी म्हणाल्या, "न्या की दोन-तीन, पण लगेच आणून ठेवा आणि लई हलवू नका." (रानातल्या पक्ष्यांच्या घरट्याला मात्र हात लावायचा नाही हे आधीच दम देऊन सांगितलं, १९७२ चा वन्यजीव कायदा पोरांनाही लागू आहे.)

आधी बलकाचा घोळ निस्तरला. जवळजवळ सगळ्या पोरांना, आणि खरं सांगू का, बऱ्याच मोठ्या माणसांनाही वाटतं की पिवळा बलक म्हणजेच पिल्लू. दुकानातलं एक अंडं आणि एक ताजं गावठी अंडं दोन बशांत फोडून ठेवलं. दोन्हीच्या बलकावर पांढुरका ठिपका असतो, पण गावठीच्या ठिपक्याभोवती कडं दिसतं, कारण ते फलित आहे. पिल्लू त्या ठिपक्यातून वाढतं, बलक म्हणजे त्याचा डबा. दुकानातली अंडी येतात त्या पोल्ट्रीत कोंबडाच नसतो, ती कितीही उबवा, काही होणार नाही. यावर मागच्या बाकावरून लगेच, "मॅडम, मग ते व्हेज का?" हा वाद मी वर्गात सोडवणार नव्हते, घरी जाऊन भांडा म्हटलं.

मग पोषण आहाराच्या तांदळाची पोती ठेवतो त्या खोलीत गेलो, तिथे दार लावलं की मिट्ट काळोख. बुटाच्या खोक्याला भोक पाडलं, आत मोबाईलचा टॉर्च, वर अंडं. कोंबडी बसून आठवडा झालेला, त्यामुळे छान दिसलं. रुंद टोकाला हवेची पोकळी, तिच्याखाली सगळीकडे फुटलेल्या लाल नसा, मध्ये एक काळा ठिपका. तो डोळा. तो हलला तशी मागची पोरं पुढच्यांच्या खांद्यावर चढली. एका अंड्यात काहीच नव्हतं, सगळं नुसतं पिवळं, तर आजींचा नातू म्हणाला हे वांझ आहे, आजी अशी अंडी बॅटरीवर बघूनच बाजूला काढते. म्हणजे मी ज्याला प्रयोग म्हणत होते ते यांच्या घरी दरवेळी चालतं.

सगळ्यात भारी प्रश्न एका मुलीने विचारला. कोंबडी साधारण रोज एक अंडं घालते, मग पहिलं अंडं आधी फुटायला पाहिजे, सगळी पिल्लं जवळपास एकाच वेळी कशी बाहेर येतात? कारण ऊब मिळेपर्यंत आतली वाढ थांबून राहते. कोंबडी आठ-दहा अंडी जमवते, मग ठाण मांडून बसते, तिथून २१ दिवस मोजायचे. गव्हाणी घुबड पहिल्या अंड्यापासूनच बसतं, त्यामुळे त्याच्या घरट्यात मोठं, मधलं, धाकटं अशी सगळी साइज असते आणि उंदीर कमी पडले की उपाशी राहतं ते धाकटं.

फुटताना मदत करायची नाही हेही बजावलं. पिल्लू आधी हवेच्या पोकळीत चोच घालून श्वास घेतं, आतूनच चिवचिव करतं, चोचीवरच्या टणक टोकाने कवच टोचतं आणि मग तासन्‌तास नुसतं पडून राहतं, पोरांना वाटतं अडकलं. पण तेव्हा त्याचं उरलेलं बलक पोटात ओढलं जात असतं, आतल्या पातळ पडद्याच्या नसांत अजून रक्त असतं, घाईने सोललं तर मरतं.

कोंबडीचं पिल्लू वाळलं की धावतं, शाळेच्या जास्वंदीतल्या लालबुड्या बुलबुलाचं मात्र उघडंनागडं आणि डोळे मिटलेलं, हे खिडकीतून लांबूनच बघितलं. दोन आठवड्यांच्या आत ती पिल्लं घरट्याबाहेर येतात, धड उडता न येता, आखूड शेपटीची, आणि कोणीतरी दयाळू पोरगं उचलून खोक्यात घालून आणतंच. पडलेलं नसतं रे ते! आईबाप जवळपासच किडे घेऊन थांबलेले असतात. परत झुडपात ठेवायचं आणि मांजराला हाकलायचं. माणसाचा वास लागला की आई घेत नाही, ही नुसती ऐकीव गोष्ट आहे.

मग गणित घातलं. बुलबुलाची एक जोडी, वर्षात दोनदा तीन-तीन पिल्लं, सगळी जगली आणि पुढच्या वर्षी त्यांनीही तेच केलं तर पाच वर्षांनी किती? उत्तर २०४८. मग बाकीचे गेले कुठे, शाळेत तर दोन-चारच दिसतात? इथे धडा खरा सुरू झाला असं मला वाटतं. मांजर, साप, भारद्वाज, वादळी पाऊस, पोरांनीच यादी केली. आकडा जिथल्या तिथे राहायला जोडीच्या सगळ्या आयुष्यात मिळून दोनच पिल्लं मोठी व्हावी लागतात, हे पुस्तकातल्या गोलात कुठेच दिसत नाही.

कावळा पिल्लं पळवतो म्हटल्यावर दोन मुली त्याच्यावर जाम भडकल्या. मग सांगितलं की कोकिळा त्याच्याच घरट्यात अंडं घालते, ते कावळ्याच्या अंड्यांच्या आधी फुटतं आणि कावळा ते पिल्लू भरवत बसतो. वर्गात टाळ्या. कावळ्याची बाजू घ्यायला एकच जण उठला, तो म्हणाला त्याच्याही पिल्लांना खायला लागतंच की, त्यावर एवढा गोंधळ झाला की शेजारच्या वर्गातले सर येऊन डोकावून गेले.